वीजकेंद्र उशाशी, तरी दिवे का जातात? केंद्रापासून घरापर्यंतचा विजेचा प्रवास

रानवारा

रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा काढून बघा. कोयनेची वीजगृहं चिपळूण तालुक्यात, गुहागरला दाभोळचा प्रकल्प, जयगडला १२०० मेगावॅटचं कोळशावरचं केंद्र. एकट्या कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट. आणि याच जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर पहिला पाऊस पडला की वीज जाते. चंद्रपूर, परळी, कोराडीच्या आसपासच्या गावांतूनही हाच प्रश्न ऐकू येतो : वीज आमच्या दारात तयार होते, मग केंद्रातून थेट एक लाईन ओढून आम्हाला का देत नाहीत?

जाणकारांनी जरा मुळापासून सांगावं. केंद्रातून निघालेली वीज कुठकुठून फिरून घरात येते, आणि नेमकी कुठे अडते? आकड्यांसकट लिहिलंत तर उत्तम.

सह्यकडा

सोपं आहे. सगळी वीज मुंबईला जाते, उरलीसुरली आपल्याला.

जोडतार

सह्यकडा, तसं नाही. वीज मुंबईला जाते म्हणून वाडीत अंधार होत नाही. वाडीत अंधार होतो तो शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरमुळे. सुरुवातीपासून सांगतो.

५०० मेगावॅटच्या संचातून (टर्बाईन आणि जनरेटरच्या जोडीतून) वीज बाहेर पडते २१ केव्हीला, म्हणजे २१ हजार व्होल्टला. २१० मेगावॅटचा संच असेल तर १५.७५ केव्ही. ५०० मेगावॅट, २१ केव्ही, पॉवर फॅक्टर (वाहणाऱ्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.८५ धरून हिशोब केला तर प्रत्येक फेजमध्ये सुमारे १६,२०० अँपिअर. एवढा करंट तारेतून नेता येत नाही. जनरेटरपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत अॅल्युमिनियमचे पोकळ नळ असतात, प्रत्येक फेजचा वेगळा आणि बाहेरून अॅल्युमिनियमच्याच आवरणात बंद. त्याला बसडक्ट म्हणतात. जनरेटर ट्रान्सफॉर्मर हीच वीज ४०० केव्हीवर चढवतो आणि करंट उतरतो ८५० अँपिअरच्या आसपास. तोच पुढे टॉवरवरच्या तारांतून जातो.

व्होल्टेज का वाढवायचं? १०० मेगावॅट १०० किलोमीटर न्यायचे आहेत, तार 'झेब्रा' आहे असं धरा. तिचा रोध किलोमीटरला ०.०६९ ओहमच्या आसपास. २२० केव्हीला करंट २६२ अँपिअर, तिन्ही तारांत मिळून उष्णतेत जाणारी वीज सुमारे १.४ मेगावॅट. तेच ११ केव्हीला न्यायचं म्हटलं तर करंट वीसपट आणि नुकसान करंटच्या वर्गाने, म्हणजे चारशेपट. ५६० मेगावॅटचं नुकसान, तेही १०० मेगावॅट न्यायला! म्हणजे ती वीज जाणारच नाही.

गोदाकाठ

झेब्रा? हे तारेचं नाव आहे?

जोडतार

हो. पोलादी गाभा आणि वरून अॅल्युमिनियमच्या तारांचा पीळ, अशा कंडक्टरना प्राण्यांची नावं आहेत. लहानाकडून मोठ्याकडे : वीझल, रॅबिट, डॉग, पँथर, झेब्रा, मूस. खेड्यातल्या लाईनवर वीझल किंवा रॅबिट, ३३ केव्हीला डॉग, १३२ ला पँथर, २२० ला झेब्रा, ४०० ला मूस. तीही एका फेजला दोन किंवा चार. वीज वाहते अॅल्युमिनियममधून, ताण पेलतो पोलाद.

टॉवर लांबून ओळखायचा तर इन्सुलेटरच्या चकत्या मोजा. नऊ-दहा असतील तर १३२ केव्ही, चौदा-पंधरा तर २२०, तेवीसच्या आसपास तर ४००. सगळ्यात वरची बारीक तार वीज वाहत नाही, ती आकाशातली वीज अंगावर घेण्यासाठी असते. हल्ली तिच्या पोटात ऑप्टिकल फायबरही असतो.

गोदाकाठ

शाळेच्या सहलीत चकत्या मोजायचा खेळ लावायला हरकत नाही. बसमध्ये शांतता तरी राहील :)

रानवारा

जोडतार, छान समजलं. पण मूळ प्रश्न राहिला. गाव केंद्राच्या शेजारी आहे, शंभर किलोमीटरवर नाही. मग थेट का नाही?

जोडतार

तीन कारणं. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधी.

एक, थेट जोडलेलं गाव त्या एका संचावर अवलंबून राहील. संच बंद, गाव बंद. कोयना तर दिवसभर चालवायचं केंद्रच नाही. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे ते पाणी जपून, मागणी चढते त्या तासांत वापरतात. बाकीच्या वेळी तुमचं गाव काय करणार?

दोन, मोठा संच थोड्या भारावर चालत नाही. कोळशाचा संच ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणता यावा असा नियम आहे, म्हणजे ५०० चा संच २७५ वर. त्याच्या फार खाली ज्योत टिकवायला तेल जाळावं लागतं. गावांची मागणी एक-दोन मेगावॅट. आणि बंद पडलेलं केंद्र पुन्हा सुरू करायलाही पंखे, पंप, कोळशाच्या चक्क्या चालवाव्या लागतात. ती वीज केंद्र स्वतःच ग्रिडमधून घेतं!

तीन, ४०० किंवा २२० केव्हीची वीज गावाला देता येत नाही. ती १३२, ३३, ११ अशी उतरवतच आणावी लागते. उतरवणारं उपकेंद्र केंद्राच्या भिंतीला लागून बांधा किंवा वीस किलोमीटरवर, गावात येणारी शेवटची लाईन ११ केव्हीचीच, त्याच झाडांमधून येणारी.

सह्यकडा

मान्य. पण मग मुंबई वेगळी कशी? तिथे मिनिटभर वीज गेली की बातमी होते.

मीटरताई

मुंबईत केबल जमिनीखाली आहेत, एका उपकेंद्राला दोन-तीन बाजूंनी पुरवठा आहे आणि फीडरची, म्हणजे उपकेंद्रातून वस्तीकडे निघणाऱ्या लाईनची, लांबी थोडी. शिवाय टाटांची खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही जलविद्युत केंद्रं शंभर वर्षांपासून मुंबईशी जोडलेली आहेत. तरीही १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई बंद पडली, लोकल थांबल्या. कारण पडघे–कळवा भागातल्या ४०० केव्ही लाईन एकामागून एक बाहेर गेल्या. म्हणजे टॉवरवरच्या लाईनही जातात, पण क्वचित. जातात तेव्हा शहरच्या शहर जातं.

ओहम

पडघ्याचा उल्लेख आलाच आहे तर : चंद्रपूरपासून पडघ्यापर्यंत एक लाईन बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे. ती डीसी आहे, म्हणजे तिच्यात करंट एकाच दिशेने वाहतो; बाकीच्या एसी, त्यांत दिशा सतत उलटसुलट होते. अधिक-उणे ५०० केव्ही, १५०० मेगावॅट, लांबी साडेसातशे किलोमीटर, १९९९ पासून चालू. चंद्रपूरला थायरिस्टर नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचने एसीचं डीसी करायचं, पडघ्याला परत एसी. तीन तारांऐवजी दोन ध्रुव पुरतात, लांब एसी लाईनवरचे रिअॅक्टिव्ह पॉवरचे (काम न करता नुसत्या ये-जा करणाऱ्या विजेचे) प्रश्न येत नाहीत आणि किती मेगावॅट जायचे ते नियंत्रण कक्षातून ठरवता येतं. टॉवरच्या दोन्ही हातांना एकेकच जुडगा लोंबताना दिसला तर ओळखा. वाटेत कुठे फांदी काढून गावाला मात्र देता येत नाही.

गोदाकाठ

मी असं समजत होतो की सगळ्या केंद्रांची वीज एका मोठ्या हौदात पडते आणि सगळे त्यातून घेतात. बरोबर का?

ओहम

अर्धं बरोबर. कोणाची वीज कोणाला हे वेगळं करता येत नाही, इथपर्यंत हौद चालेल. पण हौदात पाणी साठतं, ग्रिडमध्ये वीज साठत नाही. या क्षणी जेवढी मागणी तेवढंच उत्पादन याच क्षणी हवं. फरक पडला की तो फिरणाऱ्या टर्बाईनच्या वेगातून भरून निघतो, आणि वेग म्हणजे फ्रिक्वेन्सी. मागणी जास्त झाली की फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली, कमी झाली की वर. आपल्याकडे ४९.९० ते ५०.०५ हा पट्टा पाळायचा असतो. ऐरोलीच्या राज्य भारप्रेषण केंद्रात दिवसरात्र हेच चालतं : कोयनेचे संच घ्या, औष्णिक थोडं उतरवा. दिवस पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ भागांत वाटलेला असतो आणि प्रत्येक भागाचा हिशोब वेगळा होतो.

आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच फ्रिक्वेन्सी आहे. दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशाशी जोडलं गेलं ते ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर–सोलापूर या ७६५ केव्हीच्या लाईनने.

आणि सह्यकडा, 'वीज मुंबईला जाते' हा हिशोबाचा भाग झाला. तारांमधून वीज कमी रोधाच्या वाटांनी वाटली जाते, त्यामुळे केंद्राजवळची मागणी बहुतेक वेळा जवळच्या केंद्रातूनच भागते. करार कोणाशीही असो.

शेतशिवार

सगळी चर्चा टॉवरवर अडकली आहे. वितरणाकडे या. राज्यात पारेषणातलं नुकसान तीन टक्क्यांच्या आसपास आहे, वितरणातलं त्याच्या कितीतरी पट. शेतकऱ्याचा पंप जळतो तो डीपीनंतरच्या, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरनंतरच्या तारेमुळे.

हिशोब देतो. ५ एचपीचा पंप साधारण साडेसात ते आठ अँपिअर घेतो. डीपीपासून किलोमीटरभर वीझल तार गेली आहे आणि तिच्या टोकाला दहा पंप आहेत असं समजा. ७५ अँपिअर गुणिले ०.९१ ओहम, म्हणजे प्रत्येक फेजवर ६८ व्होल्ट वाटेतच गेले. २४० चे राहिले १७२. दोन फेजमध्ये ४१५ च्या जागी तीनशेच्या आतबाहेर. मोटर तेवढीच ताकद द्यायला जास्त करंट ओढते, त्याने व्होल्टेज आणखी पडतं, वाइंडिंग तापून जातं. हीच वीज ११ केव्हीने त्या टोकापर्यंत नेली तर करंट पावणेतीन अँपिअर आणि घट अडीच व्होल्ट, तीही ६,३५० व्होल्टमधून. म्हणून एचव्हीडीएस म्हणजे उच्चदाब वितरण योजनेत ११ केव्हीची लाईन थेट शेतापर्यंत नेऊन एक-दोन पंपांना छोटा ट्रान्सफॉर्मर देतात. तिथे आकडे टाकून वीज चोरणंही अवघड.

आता डीपी. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा लघुदाब बाजूचा पूर्ण भार १३३ अँपिअर. म्हणजे ५ एचपीचे १६ पंप झाले की भरला. त्यावर २५ चालवले तर दीडपट भार, आतली उष्णता सव्वादोनपट. किटकॅटमधला (फ्यूज बसवायच्या चिनी मातीच्या खाचेतला) फ्यूज उडतो, मग कोणीतरी जाडजूड तार घालतं. आता फ्यूज उडत नाही, ट्रान्सफॉर्मर उडतो. आणि तो बदलून येईपर्यंत पीक वाळतं.

तीन गोष्टी शेतकऱ्याच्या हातात आहेत :
ऑटोस्विच काढून टाका. वीज आली की सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात आणि सुरू होताना प्रत्येक जण सहापट करंट ओढतो. १६ पंपांचे साडेसातशे अँपिअर, १३३ च्या ट्रान्सफॉर्मरवर.
५ एचपीला २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावा, साडेसातला ३ चा. करंट सुमारे एक पंचमांशाने कमी होतो. मात्र एकट्याने लावून उपयोग थोडा, डीपीवरच्या सगळ्यांनी लावला पाहिजे.
ब्रीदरमधली, म्हणजे ट्रान्सफॉर्मर ज्यातून हवा घेतो त्या डबीतली, सिलिका जेल बघत जा. निळी असेल तर ठीक, गुलाबी झाली तर ओलावा तेलात जातोय. तेलाची पातळी खाली दिसली तर लगेच कळवा. डीपीला हात मात्र लावू नका.

कातळ

शेतशिवार +१. पण कॅपॅसिटरने करंट एवढा उतरतो यावर थोडं दुमत आहे. मोटर पूर्ण भारावर असेल आणि पॉवर फॅक्टर मुळात ०.८ असेल तर इतकी बचत होत नाही, दहा-पंधरा टक्के धरा. जुन्या, रिवाइंड केलेल्या मोटरला तुमचा आकडा लागू पडेल.

शेतशिवार

ठीक, दुरुस्ती योग्य आहे. गावातल्या बहुतेक मोटरी रिवाइंड केलेल्याच असतात म्हणून मी वरचा आकडा घेतला. नव्या मोटरला तुमचाच धरावा.

उपकेंद्र

पहिल्या पावसात वीज का जाते, त्याचं उत्तर ३३/११ केव्ही उपकेंद्रातून बघितलं की कळतं.

११ केव्हीच्या खांबावर चिनी मातीचे पिन इन्सुलेटर असतात. उन्हाळाभर त्यावर धूळ बसते, कोकणात मिठाचा थर. कोरडं असेपर्यंत काही होत नाही. पहिली हलकी सर आली की तो थर ओला होऊन वाहक बनतो आणि करंट पृष्ठभागावरून खांबात उतरतो. जोराचा पाऊस उलट बरा, तो धुऊन नेतो. दुसरं, तापलेल्या चिनी मातीवर गार पाणी पडलं की तडा जातो. तडा केसाएवढा. खालून बघून तो दिसत नाही, दुर्बिणीतूनही कधी कधी नाही. इन्सुलेटर उतरवून ५ केव्हीच्या मेगरने (रोध मोजायच्या यंत्राने) तपासला तरच पकडला जातो.

फीडर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की ऑपरेटर आधी रिलेचा (दोष ओळखून लाईन बंद करणाऱ्या उपकरणाचा) फ्लॅग बघतो. अर्थ फॉल्ट दाखवला तर एक फेज जमिनीशी : फांदी, इन्सुलेटर, नाहीतर पडलेली तार. ओव्हरकरंट असेल तर दोन तारा एकमेकींना लागल्यात किंवा भार बेसुमार. थोडं थांबून एकदा ट्राय घेतात. फांदी जळून पडलेली असेल तर फीडर उभा राहतो. नाही राहिला तर शोध सुरू.

शोधायची पद्धत अशी : फीडर बंद असतानाच लाईनमन मधला एबी स्विच, म्हणजे लाईन मध्येच तोडायचा खांबावरचा स्विच, उघडतो. उपकेंद्रातून पहिला अर्धा भाग चालू करतात. उभा राहिला तर दोष पुढच्या अर्ध्यात. मग पुढचा स्विच. असं अर्धं-अर्धं करत शेवटी चार-पाच गाळ्यांवर (दोन खांबांमधल्या अंतरांवर) येतं आणि मग चालत, टॉर्च मारत एकेक खांब. फीडर चाळीस किलोमीटरचा, त्याला पंचवीस फाटे, पाऊस, वाट निसरडी. पाच-सहा तास याच्यातच जातात. दुरुस्ती कधी कधी अर्ध्या तासाची असते.

खांबावर चढण्याआधी परमिट (लाईन बंद असल्याची लेखी परवानगी), स्विच उघडल्याची डोळ्यांनी खात्री, डिस्चार्ज रॉड आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग. दोन्ही बाजूंना का? कारण पुढच्या टोकाला कोणी जनरेटर लावून बसलेला असतो. लाईन आणि जनरेटर यांपैकी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच नसेल तर घरातला जनरेटर डीपीतून उलटा जाऊन ११ केव्ही तयार करतो, आणि वर माणूस चढलेला असतो. जनरेटर असलेल्या प्रत्येकाने हे आजच तपासा.

कातळ

यात एक जीवघेणी गोष्ट जोडतो. तार तुटून कातळावर किंवा कोरड्या डांबरावर पडली तर जमिनीत करंट इतका कमी जातो की रिलेला तो दिसतच नाही. फीडर चालू राहतो, तार जिवंत. ठिणगी नाही, आवाज नाही. पडलेली तार नेहमी चालूच समजा. दहा-बारा मीटर लांब राहा, गुरं हाकला, जवळ असाल तर पाय न उचलता घासत, छोट्या पावलांनी मागे या. लांब पाऊल टाकलं तर दोन पायांमधला व्होल्टेजचा फरकच जीव घेतो. मग १९१२ ला फोन.

सह्यकडा

मग तारा सरसकट जमिनीखालून का नाहीत?

उपकेंद्र

खर्च कितीतरी पट. शिवाय जांभा फोडून चर खणायचा. वादळाच्या भागात उपयोग नक्की आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडमध्ये हजारो खांब आडवे झाले, काही गावांत वीज यायला आठवडे लागले. केबल असती तर एवढं झालं नसतं. पण केबलमधला दोष दिसत नाही. बहुतेक दोष सांध्यात : सांधा भरताना ओलावा किंवा माती गेली की एकदोन पावसाळ्यांत फुटतो. मग दोष शोधायची व्हॅन आणून जागा शोधायची, खणायचं, पाणी उपसायचं, नवा सांधा भरायचा. दाट वस्तीत केबल, रानातून एबी केबल म्हणजे खांबावरची आवरण असलेली पिळाची केबल, असं मिश्रण मला योग्य वाटतं.

मीटरताई

घरापर्यंत आलोच आहोत तर न्यूट्रलबद्दल लिहिते, कारण टीव्ही-फ्रिज जळतात ते बहुधा यामुळे.

डीपीतून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. घरात एक फेज आणि न्यूट्रल येतात. डीपीजवळ किंवा वाटेत न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी मालिकेत जोडली जातात. ज्या फेजवर भार कमी त्या घरांत व्होल्टेज ३००-३५० पर्यंत चढतं, ज्यावर जास्त तिथे पडतं. खूण अगदी स्पष्ट : एका घरात दिवे भगभगतात, शेजारी मिणमिणतात. किंवा दुसऱ्या फेजवरच्या शेजारच्या घरात फ्रिज सुरू झाला की आपला दिवा प्रखर होतो. असं दिसलं की कारण शोधत बसू नका, मेन स्विच खाली करा आणि शेजाऱ्यांनाही सांगा. घरातला एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) यात वाचवत नाही, तो जास्त करंटवर पडतो, जास्त व्होल्टेजवर नाही.

आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. ओल्या भिंती, पत्र्याची पडवी, खांबाला बांधलेली कपड्यांची तार, पावसाळ्यातले बहुतेक शॉक इथलेच. खांबाच्या ताणतारेला गुरं बांधणं तर आधी थांबवा.

रानवारा

सगळ्यांचे आभार. माझा प्रश्नच बदलला. थेट लाईन मागण्यात अर्थ नाही हे पटलं. मग ग्रामपंचायतीने नेमकं काय मागावं?

उपकेंद्र

माझा क्रम असा. पहिलं, फीडर तोडून लहान करणं : चाळीस किलोमीटरचा एक असण्यापेक्षा वीसचे दोन, किंवा मध्ये नवं ३३/११ उपकेंद्र. दुसरं, उपकेंद्राला ३३ केव्हीची दुसरी लाईन. बऱ्याच ठिकाणी एकच येते, ती गेली की अख्खा पट्टा जातो. तिसरं, शेजारच्या फीडरशी जोडणारी लिंक लाईन, म्हणजे दोष एका भागात असताना बाकीच्यांना दुसरीकडून देता येतं. चौथं, फाट्यांच्या सुरुवातीला एबी स्विच आणि फॉल्ट पॅसेज इंडिकेटर. दोषाचा करंट गेला की त्याचा दिवा लुकलुकतो, लाईनमनचे तास वाचतात. इन्सुलेटर बदलताना पॉलिमरचे मागा.

अर्जात 'वीज वारंवार जाते' एवढंच लिहू नका. फीडरचं नाव, डीपीवर रंगवलेला डीटीसी (ट्रान्सफॉर्मर केंद्राचा) क्रमांक आणि उपकेंद्राच्या लॉगशीटमधल्या ट्रिपिंगच्या नोंदी मागून जोडा. कोणत्या महिन्यात किती वेळा अर्थ फॉल्टवर गेला, हे दिसलं की इन्सुलेटर आणि झाडांचा मुद्दा आपोआप सिद्ध होतो.

कातळ

झाडांचं बागायतदारांशी आधी बोलून घ्या. लाईनखालच्या आंबा-काजूच्या फांद्या फळं उतरली की लगेच, पावसाआधी छाटता येतात. जूनमध्ये लाईनमन कोयता घेऊन आला की वाद होतो, छाटणी अर्धवट राहते आणि तीच फांदी जुलैत फीडर पाडते.